आईच्या कानाचं यंत्र आणि वरचे नऊ पौंड

माझे वडील सांगलीत हळदीचे अडते होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. बाजारात उघडे लिलाव सुरू झाले होते, तरी आण्णा घडले ते रुमालाखालच्या सौद्यात. दोन माणसांनी रुमालाआड हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि हात बाहेर आला की विषय संपला. त्यानंतर भाव कोसळू दे नाहीतर चढू दे, शब्द फिरवणाऱ्याला त्यांच्या लेखी माणसांत जागा नव्हती. घरातही हाच कायदा. सिनेमाला नेतो म्हणाले की स्वतःला ताप असला तरी नेत.

माझा थोरला भाऊ, दादा, त्या वेळी लंडनला इंजिनियर होता. आई मूळची उंब्रजची. टायफॉइडनंतर तिचे कान गेले होते; ओरडून बोललं तरच कळायचं. शहात्तर साली कामानिमित्त दादा जर्मनीला गेला आणि तिथून त्याने तिच्यासाठी कानाचं यंत्र घेतलं. गावी येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ते आमच्याकडे पोचतं केलं. पैसे मात्र आण्णा देणार होते. "माझ्या बायकोच्या कानाचं मी बघीन," असं त्यांनी दादाला आधीच कळवलं होतं. रुपये परदेशी धाडणं तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून दादाच्या नावाने इथल्याच बँकेत भरायचं ठरलं.

यंत्र आलं आणि आमचं घर आठ-दहा दिवस नुसतं हसत होतं. स्टोव्ह एवढा भणभणतो हे आईला माहीत नव्हतं. मला स्वयंपाकघरात बोलावून, बाहेर बसलेल्या आण्णांकडे बोट करत ती म्हणाली, "हे दिवसभर पुटपुटत्यात की गं! इतकी वर्सं मला वाटायचं, गप असत्यात."

मग दादाचं दुसरं पत्र आलं आणि सगळं बिनसलं.

यंत्र घेतलं त्या दिवशी दादाने लिहिलं होतं, पाचशे मार्क, म्हणजे एकशे चौदा पौंड. दुकानाची पावतीही यंत्राच्या पेटीत होती. आता तो लिहीत होता की बिल एकशे तेवीस पौंडांचं आलंय. आण्णा बँकेत जाऊन खरेदीच्या दिवशीचा मार्काचा भाव विचारून आले. एकशे चौदाच बरोबर निघाले.

"मग ह्ये वरचे नऊ पौंड कुठनं आले?" आण्णांनी मला विचारलं. जणू मीच खाल्ले होते.

मी बी. कॉम.ला होते आणि दादाचं पत्र दोनदा वाचलं होतं, म्हणून समजावायला बसले. तिकडे त्याच्याकडे एक कार्ड असतं. दुकानात त्याने रोख काही दिलंच नाही. कार्ड दाखवलं आणि चिठ्ठीवर सही केली. ती चिठ्ठी दुकानदार आपल्या बँकेत देतो, तिथून ती फिरत फिरत लंडनला दादाच्या बँकेत पोचते. त्यात दिवस जातात. चिठ्ठी जमा होते त्या दिवसाचा मार्काचा भाव लागतो, सही केली त्या दिवसाचा नाही. वर बँक स्वतःचंही थोडं काढून घेते. त्या वर्षी पौंड तर घसरतच चालला होता.

"सही केली म्हंजे सौदा झाला," आण्णा म्हणाले. "मग भाव हलतोयच कसा? मला शिकवू नकोस."

मी तावातावाने पुन्हा सांगू लागले, तर उठून गेले. नऊ पौंड म्हणजे दीडशे रुपये; प्रश्न नुसता तेवढ्याचा असता तर त्यांनी तो पानाच्या पिचकारीबरोबर थुंकून टाकला असता. त्यांना वाटत होतं की पोराने आईच्या कानावर दलाली काढली. अडत्याने मालकाला न सांगता वर भाव लावणं, याहून हलकं काम आण्णांच्या जगात नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्यांना रागापेक्षा भीती जास्त असावी. परमुलखात राहून पोरगा बदलला, आपल्याला ओळखू येणार नाही इतका बदलला, ही भीती.

त्यांनी दादाला लिहिणं बंद केलं. त्याची निळी हवाई पत्रं येत राहिली, पण उत्तर जाईना. आईला आमची भांडणं ऐकू येत होती. यंत्राचा पहिला उपयोग असा झाला. एका सकाळी तिने ते कानातून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं.

"बापलेकाचं बोलणं बंद पडलंय. मग मी काय ऐकू?" एवढंच म्हणाली. आम्ही पुन्हा ओरडून बोलू लागलो. आण्णाही.

पुढच्या महिन्यात आण्णांनी विकत घेतलेलं एक पेव हरिपूरला उघडायचं होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. आत ती महिनोन्महिने टिकते आणि वजनालाही बरेचदा थोडी भरते. पेवं न उघडताच विकली जायची. मी हट्टाने बरोबर गेले. तोंड उघडून आतला कोंदट वारा जाऊ दिला, मग गडी उतरले, पोती वर आली आणि काटा सुरू झाला. वजन अंदाजापेक्षा जास्त भरलं. आण्णांनी काही कुरकुर न करता जास्तीचे पैसे शेतकऱ्याला कबूल केले.

परत येताना टांग्यात मी विचारलं, "आण्णा, हा सौदा कधी झाला होता?"

"गेल्या महिन्यात."

"आणि पैसे किती द्यायचे ते?"

"काटा झाल्यावर. त्याशिवाय कसं कळंल?" मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "समजलं तुझं. पण इथं भाव हलला न्हाई, वजन हललं."

"दादाचेही पाचशे मार्क पाचशेच राहिले. त्याच्या हातातला पौंड हलका झाला, म्हणून जास्त घालावे लागले. आणि काटा त्याच्या हातात नव्हताच."

आण्णांनी मान पुन्हा समोर वळवली. घर येईपर्यंत घोड्याच्या पाठीकडे बघत होते.

संध्याकाळी ते पत्र लिहायला बसले. लिहून झाल्यावर चिकटवण्याआधी आईला वाचून दाखवायचं आणि खालचा कोपरा तिच्या दोन ओळींसाठी सोडायचा, ही त्यांची जुनी रीत होती. त्या दिवशी पेटी त्यांनी स्वतः आणून आईच्या पुढ्यात ठेवली आणि कानाकडे बोट केलं. आईने एकदा त्यांच्याकडे, एकदा पत्राकडे पाहिलं आणि यंत्र घातलं.

आण्णा साध्या आवाजात वाचू लागले. "चिरंजीवास आशीर्वाद. तुझ्यावर मी संशय घेतला, ही माझी चूक झाली. तू सगळं उघड लिहिलंस आणि मी त्यात खोट शोधत बसलो. एकशे तेवीस पौंडांचे पुरे पैसे तुझ्या नावावर भरतो आहे. बापावर राग धरू नकोस."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द ऐकत होते. कुठे बघावं ते मला कळेना.

आईने यंत्रावर बोट ठेवलं. "आवं, नीट ऐकाय आलं न्हाई. परत वाचा की."

तिचे डोळे पहिल्या वेळीच भरून आले होते. आण्णांना ते दिसलं नसावं. किंवा दिसलंही असेल. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.