कर्नल ककडीची नववी लेव्हल

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मखमलाबाद नाक्यावर एक गोष्ट कानोकानी फिरत होती. चंदर विधात्याच्या दुकानाचं शटर दुपारी दोनला अर्धं खाली येतं. आत पालेभाजीवाली सुवर्णा असते. चारला ती बाहेर पडते तेव्हा तिचे डोळे लाल असतात आणि ती कुणाशी बोलत नाही. मधल्या दोन तासांत आतून तिचा आवाज येतो, "मेला. परत मेला."

ही गोष्ट कुठून निघाली ते विचारायची गरज नव्हती. चंदरच्या दुकानाला लागून वत्सलाबाईंची पिठाची गिरणी आहे. ती दुपारी दोन ते चार बंद असते. गिरणी चालू असली की शेजारी भिंत पडली तरी ऐकू येत नाही, आणि बंद असली की पलीकडच्या दुकानात कुणी पेनाचं टोपण काढलं तरी वत्सलाबाईंना कळतं. पहिल्या आठवड्यात त्यांचा अंदाज करणीचा होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो सोडला आणि लोकांना जास्त आवडेल असा घेतला.

चंदर पन्नाशीला टेकलेला, किडकिडीत, नाकावर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा असा माणूस. लग्न केलेलं नाही. त्याची कारणं नाक्यावर तीन-चार प्रकारची मिळतात, हवं ते घ्यावं. आज त्याच्या दुकानावर 'साई झेरॉक्स व ऑनलाइन सेवा' अशी पाटी आहे आणि तिथे सातबारा, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म अशी कामं होतात. वीस वर्षांपूर्वी त्याच जागेत 'साई सायबर कॅफे' होता. आठ कॉम्प्युटर, आठ खुर्च्या आणि इंटरनेट असं, की पान उघडायला लावून काळारामाचं दर्शन घेऊन यावं, तरी अर्धं पान यायचं असे.

म्हणून चंदरने एक नियम केला होता. कॉम्प्युटर एकदा उघडलेली गोष्ट पोटात साठवून ठेवतो. बाकीचे कॅफेवाले दर शनिवारी हे पोट साफ करत. चंदरने कधीच केलं नाही. एकदा आलेलं पान पुन्हा कशाला मागवायचं, असं त्याचं म्हणणं. फ्रिजमधलं कालचं वरण टाकायचं नाही या चालीवर त्याने दहा वर्षं कॅफे चालवला.

त्या काळात एका छोट्या चॅनलवर शाळा सुटायच्या वेळेला 'कर्नल ककडी' नावाचं हिंदी कार्टून लागायचं. मिशीवाली काकडी भाजीमंडईचं शेळ्यांपासून रक्षण करते, एवढीच गोष्ट. चॅनलच्या वेबसाइटवर त्याचा खेळ होता. लेव्हल नऊ. मखमलाबादची निम्मी पोरं भाजीवाल्यांच्या घरची. घरी काकड्या तोडायला सांगितलं की ती परसाकडे पळायची, आणि इथे काकडी वाचवायला ओळीने उभी राहायची. कुणी लेव्हल पार केली की चंदर स्केचपेनने त्या मशीनच्या डब्यावर नाव आणि आकडा लिहायचा. सहाव्या लेव्हलपर्यंत बरीच नावं होती, सातवीवर दोन. नववी पार केलेलं नाव आठही मशीनमध्ये एकच होतं. चार नंबरच्या डब्यावर हिरव्या अक्षरात: सुवर्णा, ९.

मग मोबाइल आले आणि कॅफे बसला. चंदरने आठही मशीन मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या. ज्याने आपल्याला दहा वर्षं खाऊ घातलं ते भंगारात द्यायचं त्याच्या मनाला पटलं नाही. दसऱ्याला तो त्यांची पूजाही करत राहिला. आठ डबे, आठ झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि एक नारळ. नारळ फोडायची जागा कोपऱ्यात होती. कोपऱ्यात चार नंबर होती.

तीन-चार वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन जणांनी विचारलं. दोघं कॅफेतली जुनी गिऱ्हाइकं, आता पोट सुटलेली, एक पासपोर्टच्या फॉर्मसाठी आलेला, एक मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी. "चंदरभाऊ, तो काकडीचा खेळ कुठे गेला हो? पोरीला दाखवायचा होता." चंदरने शोधला. चॅनल कधीच बंद पडलं होतं, वेबसाइट गेली होती, आणि तसले खेळ चालवणारी जुनी यंत्रणाच ब्राउझरांनी काढून टाकली होती. जिथे तिथे एक करडी चौकट.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेला तर गेला. चंदरला ते दुकानातून वस्तू चोरीला गेल्यासारखं वाटलं. शोधता शोधता त्याला देशोदेशीची एक मंडळी सापडली, जी असे जुने खेळ जमवून, दुरुस्त करून, पुन्हा चालते करून ठेवते. फुकट. त्यांच्या यादीत कर्नल ककडी होता. तीन लेव्हल मिळालेल्या, पुढे शेरा: अपूर्ण.

चंदरने मागच्या खोलीतल्या सात मशीनच्या पोटातून चौथी ते आठवी अशा पाच लेव्हल काढून पाठवल्या. मंडळींनी आभार मानले. शेरा तसाच राहिला. नववी लेव्हल जगात कुणाकडेच नव्हती, आणि ती नसली तर खेळ अपूर्णच म्हणून राहणार होता.

नववी असली तर चार नंबरमध्येच असणार, कारण ती लेव्हल तिथे कुणी पोचल्याशिवाय खाली उतरतच नसे. चार नंबर सुरू केली तर तिची हार्डडिस्क टक टक करायला लागली. सगळा माल उतरवायला घेतला की दहा मिनिटांनी अडकायची. आत फाईलींचा ढीग, नावं सगळी आकड्यांची, त्यातली नववी लेव्हल कुठली ते ओळखायला मार्ग नाही. मंडळींपैकी एकाने विचारलं, डिस्कला काय झालं होतं, पाणी गेलं होतं का? चंदरने लिहिलं, नारळाचं, दर दसऱ्याला. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: समजलं.

उपाय एकच निघाला. डिस्क जोडायची आणि खेळ पहिल्यापासून खेळत नवव्या लेव्हलपर्यंत जायचं. तिथे पोचलं की खेळ स्वतःच हवी ती फाईल डिस्ककडून मागून घेतो, तेवढ्यात ती पकडायची. डिस्क किती दिवस तग धरेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. चंदरने स्वतः खेळून पाहिलं. दुसऱ्या लेव्हलच्या पुढे शेळ्यांनी त्याला जाऊ दिलं नाही.

तेव्हा तो नाक्यावर सुवर्णाच्या गाड्यापाशी गेला. सुवर्णा आता तिशी ओलांडलेली. मेथी, शेपू, कोथिंबीर विकते. नवरा कारभारी टेम्पो चालवतो, सकाळी पिंपळगाव बसवंतला माल टाकून दीडपर्यंत परत येतो.

"सुवर्णा, कर्नल ककडी आठवतो का?"

"आठवतो की. शेपू देऊ?"

"नववी लेव्हल तू पार केली होतीस."

"केली होती. कुणाला खरं वाटलं नाय. माझा भाऊ अजून म्हणतो, तूच नाव लिहून आलीस डब्यावर."

"मी लिहिलं होतं. पुन्हा खेळशील का?"

"चंदरभाऊ, बरे आहात ना? या वयात काकडी खेळू?"

चंदरने सगळं सांगितलं. सुवर्णा मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत ऐकत होती.

"म्हणजे ती लेव्हल माझ्याशिवाय कुणीच नाय बघितली?"

"ज्यांच्याकडे हिशोब आहे, ते म्हणतात नाही बघितली."

"नाक्यावर?"

"जगात."

सुवर्णाने जुड्या गोणपाटाने झाकल्या. "दोनला येते," ती म्हणाली. "दोन ते चार गिऱ्हाईक नसतं."

पहिल्या दिवशी ती पहिल्याच लेव्हलमध्ये सहा वेळा मेली. लहानपणी बोटं कुठे जायची ते तिला आठवत होतं, बोटांना आठवत नव्हतं. आठवडाभराने ती तिसरीला पोचली. डिस्कचं एक नवीन लक्षण याच दिवसांत कळलं. आडवी ठेवली तर ती चालायचीच नाही. उभी, जरा डावीकडे कललेली धरली तर चालायची, आणि कल दर थोड्या वेळाने बदलायचा. टेकू लावून पाहिला, विटांच्या मधे उभी करून पाहिली, डिस्कला पटलं नाही. माणसाचा हात लागायचा. ती सोय झाली.

महिनाभर असं चाललं. सहावीत भिंतीवरून उड्या मारणारी शेळी होती, तिच्यापाशी सुवर्णाचा एक आठवडा गेला. डोळे लाल व्हायचे ते जुन्या मॉनिटरने. चारला गाड्यावर बसली तरी मनात उड्यांचा हिशोब चालू असायचा, म्हणून बोलायची नाही. एका बाईने पालक मागितला तर तिने "थांबा, आत्ता उडेल" असं सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे.

मधेच दसरा आला. चंदरने पूजा केली. नारळ रस्त्यावर नेऊन फोडला.

इकडे वत्सलाबाईंचा धीर सुटला. एका दुपारी, दीडच्या सुमाराला, कारभारी टेम्पोतली रिकामी कॅरेट बांधत होता, तिथे त्या गेल्या.

"कारभारी, तुला म्हणून सांगते. माझ्या तोंडी असलं कधी येत नाही."

"बोला काकू."

"तुझी बायको रोज चंदरच्या दुकानात जाती."

"बरं."

"शटर अर्धं असतं."

"अर्धं."

"दोन ते चार. मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती 'मेला, मेला' करती आणि एकदा तर 'आता सोडणार नाय तुला' म्हणाली."

कारभारीने दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली. "काल म्हणाली ते," तो म्हणाला.

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्हीच सांगताय ना काकू." त्याने टेम्पो सुरू केला आणि गेला. वत्सलाबाई गिरणीत येऊन बसल्या आणि दोन वाजायची वाट पाहू लागल्या. त्या दिवशी भांडण होईल, चपला उडतील, अशी त्यांची तयारी होती. त्यांनी दोन बायकांना बोलावूनही ठेवलं होतं. तिघींनी दोन तास भिंतीला कान लावला. आतून "मेला" सोडून काही आलं नाही.

आठवी लेव्हल सुवर्णाने एका मंगळवारी, पावणेचारला पार केली. पडद्यावर एक छोटी काकडी गोल फिरायला लागली, म्हणजे खेळ नववीची फाईल मागत होता. डिस्कचा आवाज बदलला. टक टक जाऊन खर्र असा आवाज आला, कुणी पत्र्यावरून खुर्ची ओढावी तसा. काकडी फिरत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं.  सुवर्णा एवढंच म्हणाली, "डावीकडे. अजून जरा." चौथ्या मिनिटाला लेव्हल उघडली. फाईल कुठली ते चंदरला त्याच क्षणी दिसलं, आणि त्याने ती आधी दोन पेनड्राइव्हवर उतरवली, मग चष्मा पुसला.

नवव्या लेव्हलमध्ये शेळी नाही. कुणाला मारायचं नाही, कुणी मरत नाही. कर्नल टोपी काढतो आणि रिकाम्या वावरात एक सरी बी पेरायचं असतं. लहानपणी सुवर्णाने हे घरी सांगितलं होतं, तेव्हा भाऊ म्हणाला होता, असा कधी शेवट असतो का? सुवर्णाने सरी पेरली. कर्नलने सलाम केला. पाच मिनिटांनी डिस्क थांबली. ती पुन्हा कशीही धरली तरी चालली नाही.

पंधरा दिवसांनी यादीतला शेरा बदलला: पूर्ण. नववी लेव्हल मिळवून देणाऱ्यांच्या रकान्यात चंदरने सुवर्णाचं नाव कळवलं होतं. सुवर्णाने ते पान भावाला पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही. खेळ आता कुणालाही खेळता येतो. तिने सासूला, सरुबाईंना, चंदरच्या दुकानात बसवून शेवट दाखवला. सरुबाईंनी पडदा नीट पाहिला.

"दाट पेरलीय," त्या म्हणाल्या. "वेल कुठं पसरायचा? कुणी शहरातल्यानं केलं असंल."

राहता राहिली नाक्यावरची गोष्ट. शटर अर्धं असायचं कारण दुपारचं ऊन थेट पडद्यावर यायचं आणि शेळ्या दिसायच्या नाहीत. सुवर्णा आत असायची हे खरं. तिचा नवरा कारभारीही पहिल्या दिवसापासून आत असायचा. डिस्क तोच धरायचा, कारण स्टेअरिंगमुळे त्याचा हात स्थिर आहे. वत्सलाबाईंना तो कधी दिसला नाही, कारण टेम्पो मागच्या बोळात लागतो आणि तो मागच्या दाराने यायचा.