चार हातांच्या आचाऱ्याची शोकसभा

तिचं खरं नाव दंतवैद्याच्या पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. सगळे तिला कवळीताई म्हणत. दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि त्या जबड्यांसमोर मेण मऊ करत बसलेली ही बाई. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. एखाद्या समारंभात कुणी तोंड भरून हसलं, की ती नवऱ्याच्या कानाशी लागून सांगायची, वरची ओळ माझी, खालची त्याच्या आईबापाची.

आता अशा बाईनं संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरावेत की नाही? पण नाही. काम आटोपलं की त्याच टेबलाचा कोपरा पुसून ती कादंबऱ्या लिहायला बसे. त्याही साध्यासुध्या नव्हेत. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर माल पोचवणारं जहाज, आणि त्या जहाजावर चार हातांचा आचारी. दोन हातांनी कांदा चिरायचा, तिसऱ्यानं ढवळायचा, आणि चौथा हात कप्तानाच्या खांद्यावर ठेवून त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. लोकांनी या आचाऱ्याला असं डोक्यावर घेतलं, की त्याच्या जिवावर पाच पुस्तकं निघाली. आणि पाचव्याच्या शेवटी ताईंनी त्याला खुशाल मारून टाकला.

तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. बायकोचं एकही पुस्तक त्यानं वाचलेलं नव्हतं. पहिलं आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, चष्मा मिळेपर्यंत तिसरं आलं, मग म्हणे सुटलेल्या गाडीमागे धावायचं माझं वय राहिलं नाही. पण व्हॅनमधल्या पोरांच्या आईबापांना पुस्तकं खपवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तर झालं असं, की ताईंनी नवी कादंबरी लिहिली. समुद्राच्या तळाशी वसलेलं एक गाव, आणि तिथं घरोघर टपाल टाकणारी एक बाई, जिला पाण्याची भीती वाटते. प्रकाशकानं निम्मी वाचली आणि हनुवटी खाजवली. माणूस गोड बोलणारा, त्यामुळे नाही म्हणायलाही त्याला बराच वेळ लागला. शेवटी ठरलं ते असं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं संमेलन भरणार होतं. तिथं रविवारी सकाळी ताईंनी नवीन कादंबरीतला भाग वाचायचा. लोक बसून राहिले तर पुस्तक छापायचं. उठून गेले तर मुकाट्यानं आचाऱ्याला जिवंत करायचं. ताई हो म्हणून बसल्या आणि त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

शनिवारी दोघं व्हॅन घेऊन संमेलनाला पोचली. मोठी इमारत, लांब लांब व्हरांडे आणि जिकडे पाहावं तिकडे सोंगं. अंगभर हिरवे खवले असलेला एक गृहस्थ स्वतःची शेपटी हातावर टाकून मुतारीच्या रांगेत उभा होता. पुठ्ठ्याच्या यंत्रमानवाचा चष्मा आतून वाफाळला होता आणि त्याची आई त्याला हाताला धरून चालवत होती. एका दारात पंख अडकून एक राक्षस खोळंबला होता. ताईंच्या नवऱ्याचा जन्म पोरं आणि दप्तरं व्हॅनमध्ये कोंबण्यात गेलेला. त्यानं पुढे होऊन राक्षसाला आधी आडवा केला, मग एकेक पंख मिटवून अलगद बाहेर काढला. राक्षसानं त्याला कॉफी पाजली.

ताईंचं मात्र या कशात लक्ष नव्हतं. त्या फळ्यासमोर खिळल्या होत्या. फळ्यावर लिहिलं होतं, खोली तीन, दुपारी, चारहाती आचाऱ्याची शोकसभा.

नवरा म्हणाला, चल, आपल्या घरचं माणूस गेलंय, जायला नको?

दोघं मागच्या रांगेत जाऊन बसली. ताईंनी गळ्यातलं नावाचं कार्ड उलटं करून टाकलं. खोलीभर माणसं पांढरे एप्रन घालून बसली होती, आणि प्रत्येकाच्या काखेखाली कापूस भरलेल्या दोन जादा बाह्या शिवलेल्या. अध्यक्ष म्हणून बँकेतले एक निवृत्त कॅशियर होते, चेहरा असा की जणू खरंच घरचं कुणी गेलंय. आधी सगळे उभे राहून गप्प राहिले. मग अध्यक्षांनी नियम सांगितला. पुस्तकातलं काही वाचायचं नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. ज्यानं त्यानं आपापली आठवण सांगायची.

एक धिप्पाड बसकंडक्टर बाई उठली. तिनं सांगितलं, की एकदा आचाऱ्यानं सुपात दोनदा मीठ टाकलं, आणि कप्तानानं ते भीतीपोटी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन वर आणखी मागितलं. ताई कुजबुजल्या, असं काही झालेलंच नाही, मी लिहिलेलंच नाही. नवरा म्हणाला, गप बस, बरी सांगतेय. मग एक शिंपी उठला. आचाऱ्याचे सदरे म्हणे तोच शिवायचा. बाह्या चार, म्हणून त्यानं शिलाई दोन सदऱ्यांची मागितली, तर आचारी म्हणाला, का रे, गळे किती कापलेस? खोली हसली. ताईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, दिवंगताच्या घरचं कुणी आलं असल्यास दोन शब्द बोलावेत. हे आपलं म्हणायचं म्हणून. सगळ्यांचे डोळे कॉफीकडे लागले होते. एवढ्यात ताईंचा नवरा उठला. ताईंनी त्याचा सदरा ओढला तोवर तो बोलायलाही लागला होता.

"हा माणूस कैक वर्षं आमच्या घरी राहिला. भाडं नाही की काही नाही. ही रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलत बसायची, आणि मी पलीकडे भाजी चिरत एकटा. मला दोनच हात. तो गेला त्या रात्री ही जेवली नाही. मी विचारलं, अगं काय झालं, तर म्हणाली, तो गेला. मीही जेवलो नाही. पण तो नेमका कशानं गेला, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही."

सगळी खोली मागे वळली. ताईंचं कार्ड उलटं असून उपयोग काय, पुस्तकांच्या पाठीवर त्यांचा फोटो होता. कंडक्टर बाईनं कमरेवर हात ठेवले, खरेही आणि कापसाचेही.

"ताई, का मारलंत हो त्याला?"

ताई उभ्या राहिल्या. खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. मग त्यांना दवाखान्यामागची आपली खोली आठवली.

"तो तोंड उघडायच्या आधीच मला कळायला लागलं होतं, काय बोलणार ते. एकदा साचा हाताशी आला की कवळ्या भराभरा निघतात. पण तीच कवळी दहा जणांना दिली, तर एकाला तरी धड चावता येईल का? मी तुम्हाला तसंच देत होते. तुमच्या लक्षात यायच्या आत थांबले."

मग कंडक्टर बाई म्हणाली, "मला पटलेलं नाही. फळ्यावर वाचलंय मी, उद्या तुमची ती नवीन बाई ऐकायला येईन. नाही आवडली तर मधूनच उठणार, आत्ताच सांगून ठेवते."

रविवारी सकाळी एप्रनवाले आले आणि नेमके पहिल्या दोन रांगांत बसले. प्रकाशक दाराशी उभा. ताईंनी कागद टेबलावर ठेवून वाचायला सुरुवात केली. टपालवाली सकाळी उठते, पाण्यात उतरायचा जाड पोशाख चढवते आणि शेजारणीला सांगते, मला दारातून ढकल, माझ्यानं पाऊल टाकवत नाही. रोजचं आहे हे. शेजारीण एका हातात चहा धरून दुसऱ्यानं ढकलते. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पहिली रांग ढिम्म.

इतक्यात शिंपी उठला आणि दाराकडे चालू लागला. ताईंची ओळ हरवली. प्रकाशकानं खाली बघितलं. शिंप्यानं दारातून बाहेर डोकं काढलं, व्हरांड्यात लाकडी तलवारी खेळणाऱ्या सोंगांना दमात घेतलं, दार लावलं आणि परत जागेवर येऊन बसला. म्हणाला, वाचा हो, ऐकू येत नव्हतं.

मग ताई वाचत गेल्या. एक दिवस टपालवाली कामावरून परत येते तेव्हा दार आतून बंद असतं, आणि उघडायला शेजारीण नसते. तिथं त्यांनी कागद मिटले.

"आणि?" कंडक्टर बाई म्हणाली.

"आणि पुढचं पुस्तकात."

"हे बरोबर नाही." ती जागच्या जागी प्रकाशकाकडे वळली. "अहो, कधी काढताय?"

प्रकाशक म्हणाला, दोन महिन्यांत. शिवाय असंही म्हणाला, की मी तर पहिल्या दिवसापासून ताईंना हेच सांगत होतो. ताईंनी मान हलवून तेही मान्य केलं, एवढं सुख त्यांना झालं होतं.

दुपारी त्या सामान घेऊन व्हॅनपाशी आल्या, तर नवरा चालकाच्या जागेवर दार उघडं टाकून बसलेला, चष्मा नाकावर आणि नव्या कादंबरीचे कागद मांडीवर.

"हे काय करताय?"

"अगं, ही नवी आहे ना? मग मागचं काही वाचलेलं लागत नाही."

त्या मागच्या सीटवरच्या पिशव्या उगाचच इकडच्या तिकडे ठेवत राहिल्या आणि आरशातून त्याचा चेहरा बघत राहिल्या. ओठ हलवत तो एकेक ओळ वाचत होता. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

"ही एवढी पाण्याला घाबरते, तर दुसरं काम का नाही बघत?"

"पुढे वाचा."

"वाचतोय. पण निघायला उशीर होईल हां," तो म्हणाला आणि पान उलटलं.