छप्पन सालची तीनशे चाळीस कार्डं

मोरेश्वरकाकांना बेसबॉल खेळता येत नाही. आमच्या नेपरव्हिलच्या मंडळाच्या पिकनिकला त्यांनी एकदाच बॅट हातात घेतली आणि चेंडूऐवजी कोशिंबिरीचं पातेलं उडवलं. पण १९५६ साली कुठल्या पिचरने, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरने, किती सामने जिंकले ते त्यांना विचारा. नाही विचारलंत तरी ते सांगतातच. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी राहते, मला अर्धं पाठ झालंय.

काका मूळचे कराडचे. एक्क्याऐंशी साली एमएस करायला इलिनॉयला आले. लॅबमधली मुलं दिवसभर बेसबॉलच्या गप्पा मारायची आणि काका मठ्ठासारखे ऐकत बसायचे. मग कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला मांडलेल्या एका गराज सेलमध्ये त्यांना बुटाच्या खोक्यात भरलेली जुनी बेसबॉल कार्डं मिळाली. पूर्वी इथल्या शाळकरी पोरांना च्युइंगगमच्या पाकिटात मिळायची ती पुठ्ठ्याची कार्डं. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या कामगिरीचे आकडे. क्रिकेटचे स्कोअर घोकत वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? सेमिस्टर संपेपर्यंत काका लॅबमधल्या मुलांच्या चुका काढायला लागले.

चौऱ्याऐंशी साली शोभनाकाकू लग्न होऊन आल्या, त्या थेट या सवतीच्या संसारात. नायगाराला जाताना काका ओहायोत एका संग्राहकाकडे ‘पाच मिनिटं’ थांबले आणि काकूंनी गाडीत बसून तीन तास काढले. तेव्हापासून काकू कार्डांना कार्डं म्हणत नाहीत, ‘ते पुठ्ठे’ म्हणतात. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही आल्बम उघडून बघितला नाही, आणि हे त्या अभिमानाने सांगतात.

काकांचा जीव छप्पन सालच्या संचात. पूर्ण संच तीनशे चाळीस कार्डांचा. काकांनी इतक्या वर्षांत पावणेतीनशे जमवली. पूर्ण संच होता त्यांच्या दोस्ताकडे, जवळच्याच बर्विन गावातल्या वॉल्टर नोवाककडे. वॉल्टरने तो चौदाव्या वर्षी, गम चघळून चघळून, स्वतः गोळा केलेला. दोघांची ओळख चर्चच्या हॉलमधल्या कार्डांच्या जत्रेत झाली आणि गेली पस्तीस वर्षं दोघं महिन्यातून एकदा भेटून एकमेकांशी कडाकडा भांडतात. याला मैत्री म्हणतात असं मला सांगण्यात आलंय.

यंदा वॉल्टरने ठरवलं की बर्फ पडायच्या आत मुलीकडे ॲरिझोनाला कायमचं जायचं. संच विकायला त्याची तयारी नव्हती. विकत घेणारे संच फोडतात, चांगली कार्डं सुटी करून विकतात. त्याला संच अखंड ठेवणारा माणूस हवा होता. त्याने चारही आल्बम काकांच्या हातात ठेवले. म्हणाला, “मो, दहा दिवस सांभाळ. मग तुला द्यायचा का, ते मी ठरवतो.”

काकांचे पाय जमिनीवर नव्हते. आणि त्या दहा दिवसांतच दसरा आला.

दसऱ्याच्या सकाळी मला काकांचा फोन. “देवयानी, आत्ताच्या आत्ता ये!” मला वाटलं, कुणी पडलं की काय. जाऊन बघते तर देवापुढे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, आणि सगळ्यात वर वॉल्टरचा आल्बम. प्लॅस्टिकवर कसलं कुंकू लावायचं, म्हणून काकूंनी पहिल्या पानावरचं कार्ड बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यावर ओल्या बोटाने हळदकुंकू लावलेलं. जुना पुठ्ठा तो, रंग प्यायला. हसरा पिचर आता टिळा लावून हसत होता. मला हसू आवरेना, आणि त्याबद्दल काकांनी मला अजून माफ केलेलं नाही.

मी स्पष्ट सांगितलं, “काका, आत्ताच फोन करा आणि सांगून टाका.”

“सांगतो गं, नीट मूड बघून सांगतो,” काका म्हणाले.

सांगितलं कसलं! त्यांच्याकडे तेच कार्ड होतं, वॉल्टरच्यापेक्षा स्वच्छ. गुपचूप ते आल्बममध्ये घातलं आणि टिळ्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये लपवलं.

शनिवारी वॉल्टर आला. मी चहाला होतेच. त्याने आल्बम उघडला, पहिल्या पानावरून अंगठा फिरवला आणि थांबला.

“हे माझं नाही.”

“काहीतरीच! कशावरून?” काकांचा आवाज चिरकला.

“तुझ्या बायकोच्या खुर्चीत दुसरी बाई येऊन बसली तर तुला कळणार नाही? माझं कार्ड मी वर्षभर शर्टाच्या खिशात घेऊन फिरलोय. त्याचे कोपरे गोल आहेत.”

मग सगळं बाहेर आलं. वॉल्टर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “डाग चालला असता, मो. तू मला फसवलंस.” आणि चारही आल्बम घेऊन निघून गेला. टिळ्याचं कार्ड टेबलावरच राहिलं.

दोन दिवस काका नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. “गाडी काढ. बर्विनला जायचंय.” काकाही मागून आले, तर त्यांना हुकूम झाला, “मागे बसायचं, आणि मी बोलवेपर्यंत उतरायचं नाही.” मी मुकाट्याने ड्राइव्ह केलं.

वॉल्टरच्या घरात सगळीकडे खोकी बांधलेली होती. काकूंनी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानेच बोलायला लागल्या. मी इथे मराठीत सांगते, पण त्यांचं इंग्रजी त्या दिवशी कुठेही अडलं नाही.

“ज्याच्या जोरावर माणूस जगतो त्याची आम्ही दसऱ्याला पूजा करतो. चाळीस वर्षं मी याच्या गाडीला कुंकू लावलं, कॉम्प्युटरला लावलं. या कार्डांना कधीच नाही. मला राग होता त्यांचा. पण तुमचे आल्बम आले आणि हा माणूस रोज हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून एकेक पान उलटायला लागला. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं मी याच्या देवाकडे पाठ करून बसले होते. म्हणून यंदा पहिल्यांदा नमस्कार केला. आणि नेमकं तेच बिघडलं. मला फार वाईट वाटतंय.”

काकूंचे डोळे भरले. माझेही भरले, लपवण्यात काय अर्थ आहे?

वॉल्टरने भिंग घेऊन टिळा बघितला. “हे निघणार नाही?”

“नाही.”

त्याने काकांचं स्वच्छ कार्ड काढून काकूंना परत दिलं आणि आपलं टिळेवालं जागेवर सरकवलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं. मागच्या सीटवर काका परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. वॉल्टरला हसू फुटलं.

“त्याला मी हा संच देणार नाही,” तो म्हणाला. “तो घाबरला की लपवतो. तू आपली चूक हातात घेऊन आलीस. संच तुझा. त्याला बघायचा असेल तर त्याने तुझी परवानगी घ्यायची.”

काकू चार आल्बम छातीशी धरून बाहेर आल्या. काका धडपडत उतरले, त्यांनी हात पुढे केले, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतले. “शोभना, बघू का गं?” त्यांनी विचारलं.

काकू माझ्या शेजारी न बसता मागे त्यांच्या शेजारी बसल्या. आल्बम स्वतःच्या मांडीवर उघडला आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

“हा कोण?”

काका डोळे पुसत सांगायला लागले. मी हायवे सोडला आणि घरी जायचा लांबचा रस्ता धरला.