ओडाची तीन वाक्यं

हार्लन लॉफग्रेन काउंटीच्या भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. आठवडाभर लोकांच्या शेतांचे बांध आखायचे आणि शनिवारी दुपारी एकला घराच्या तळघरात उतरून स्वतःच्या राज्याचा नकाशा टेबलावर पसरायचा, हा त्याचा अकरा वर्षांचा शिरस्ता. सोळा कागद चिकटपट्टीने जोडून ते राज्य झालं होतं. विस्कॉन्सिनच्या त्या गावात तो एक अबोल कारकून होता. तळघरात मात्र सगळे त्याला मास्तर म्हणत.

मास्तर प्रसंग सांगायचा आणि खेळणारे आपापलं पात्र काय करतं ते सांगायचे. जिथे शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा निकाल द्यायचा. मास्तर आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा. तो सांगेल तो आकडा बाकीचे मानायचे. अकरा वर्षांत कुणी मान उंचावून पलीकडे पाहिलं नव्हतं.

भिंतीवर हार्लनच्या सुबक अक्षरात एकच नियम लावला होता: मरणाऱ्याला शेवटची तीन वाक्यं मिळतील, ती कुणी तोडायची नाहीत, आणि त्यात जे सांगितलं ते घडलं. ड्वेनचं पहिलं पात्र मेलं तेव्हा तो दोन महिने फिरकला नव्हता. त्या रुसव्यातून हा नियम आला.

ड्वेन प्रोखनाव दुधाचा टँकर चालवायचा. दुसऱ्या खेपेपासून तो सरदार सिग्मंड होता, आणि कुठल्याही प्रसंगी सिग्मंडचं एकच उत्तर असायचं: "मी तलवार काढतो." हा सिग्मंड हरवलेला राजपुत्र निघणार, हे हार्लनने केव्हाच ठरवून टाकलं होतं. १९८६च्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या शनिवारी, त्याला मुकुट चढायचा होता. हंगामात गावात कुणी टेबलापाशी सापडत नाही, म्हणून तो मुहूर्त. राज्याभिषेकाचं भाषण हार्लनने कचेरीच्या टाइपरायटरवर तीनदा टंकून काढलं होतं.

एप्रिलमध्ये ड्वेन आपल्या वहिनीला घेऊन आला. बेव्ह शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तलवार घेशील की जादू?" हार्लनने विचारलं.

"सुऱ्या मी दिवसभर हाताळते. मी नाव चालवीन."

"नावाडीण? ती करणार काय?"

"लोकांना पलीकडे नेणार. नाव ओडा. आणि तिला पोहता येत नाही, तेही लिही."

"लिहून टाक, मास्तर," ड्वेन म्हणाला. "हिच्याशी वाद घालून माझ्या भावाचे केस गेले."

ओडा भाडं म्हणून प्रत्येकाकडून एक खरी गोष्ट मागायची. जुलैत फाशीला निघालेल्या कैद्याला पलीकडे नेताना तिने त्याच्याकडून चार अक्षरं शिकून घेतली. ऑगस्टमध्ये त्या कैद्याच्या आईशी ती खोटं बोलली, पोरगा पळून गेला म्हणून सांगितलं, आणि पुढे महिनाभर तिने कुणाकडूनच भाडं घेतलं नाही. यातलं काहीही हार्लनच्या वहीत नव्हतं. त्याच्या नकाशात त्या जागी बारीक अक्षरात "नावेचा धक्का" एवढंच होतं.

हळूहळू टेबलावरची तोंडं बेव्हकडे वळायला लागली. हार्लनने आठवडा घालवून रचलेल्या चक्रव्यूहाच्या दारात गॉर्डी न्हावी, जो खेळात भिक्षू होता, पहिल्यांदा विचारायचा, "ओडाचं काय म्हणणं?" सप्टेंबरात तर सिग्मंडने अर्धी उपसलेली तलवार परत म्यानात घातली.

"का?" हार्लनने विचारलं.

"ओडा बघतेय ना," ड्वेन म्हणाला.

अकरा वर्षं हार्लनने त्या सरदाराला शाप, भावाचा दगा, जळकं गाव, सगळं देऊन पाहिलं होतं. सरदार बदलला तो एका स्वयंपाकिणीने नुसतं बघितल्यावर. त्या रात्री हार्लनला जेवण गेलं नाही. पण खरा घाव घरातच बसायचा होता. त्याची बायको आर्लिस अकरा वर्षांत खेळाबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. तळघरात सँडविचं पाठवायची, बस. ऑक्टोबरात एका सकाळी शर्टाला इस्त्री करता करता ती म्हणाली, "ओडा वाचायला शिकली का रे पुढे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बेव्हने. चर्चमध्ये कॉफी पिताना. मला तर रडूच आलं."

हार्लनने शर्ट अर्धवट इस्त्रीचाच घातला आणि कचेरीत गेला.

राज्याभिषेकाचा शनिवार आला. राजधानी उत्तरेला, दिवसभराच्या वाटेवर. हार्लनने रंगत म्हणून सांगितलं होतं की दक्षिणेला नदीला पूर आलाय, कुठे तरी घंटा वाजतेय.

"ओडा नाव वळवते," बेव्ह म्हणाली.

"राजधानी उत्तरेला आहे."

"घंटा दक्षिणेला वाजतेय ना, मास्तर. तूच म्हणालास."

"मग मीही नावेत," ड्वेन म्हणाला. गॉर्डीनेही होकाराची मान डोलावली.

भाषणाचे कागद हार्लनच्या मांडीवर होते. "प्रवाह जोराचा आहे," तो म्हणाला. "पंधरा किंवा वर पडलं तर ओडा नावेबाहेर फेकली जाईल." आणि त्याने आडोशामागे फासा टाकला.

चार पडले.

"अठरा," हार्लन म्हणाला.

गॉर्डीने चष्मा काढला. "तिला पोहता येत नाही," तो उगीचच म्हणाला.

बेव्हने भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं. मग बोटांवर मोजत बोलली. "ओडा हातातलं वल्हं सिग्मंडकडे फेकते. पलीकडे सतरा माणसं आहेत असं ती त्याला ओरडून सांगते. मग ती पाण्याकडे बघते, आणि या खेपेला तिला भीती वाटत नाही."

ड्वेनने टेबलावर हात पुढे केला. "वल्हं घेतलं मी."

"मुकुट तुझा आहे, ड्वेन," हार्लन म्हणाला. "तू राजपुत्र आहेस. आज कळणार होतं ते." असं आधी सांगून टाकणं मास्तरला शोभत नाही, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

"असेन. पण सतरा माणसं आहेत. किती खेपा होतील, गॉर्डी?"

पाच वाजेपर्यंत ते खेपांचा हिशेब घालत बसले. ओडा पाण्याखाली होती आणि टेबल तिच्याच हुकमाने चाललं होतं. जाताना बेव्हने नेहमीसारखे सगळ्यांचे कप गोळा केले. हार्लनचा कप आडोशामागे होता. तो घ्यायला ती वाकली, आणि तेव्हा हार्लनला आठवलं की आपण फासा उचललेलाच नाही. चार वर करून तो तसाच पडला होता. बेव्हने कप उचलला, तळाची कॉफी बेसिनमध्ये ओतली, कोट चढवला आणि ड्वेनच्या मागोमाग जिना चढून गेली.

शिकारीच्या हंगामात हार्लन एकदाही जंगलात गेला नाही. बेव्हने ड्वेनला सांगितलं असेल का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तिने चर्चमध्ये आर्लिसला सांगितलं तर काय, याची धास्ती जास्त होती. तीन शनिवारांनी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्याने ती मोजली. तीन माणसं होती.

बेव्ह आपल्या जागी बसली आणि नव्या पात्राचा कोरा कागद पुढे ओढला. उद्योगाच्या रकान्यात तिने लिहिलं: नकाशे काढणारा.

"पुरुष?" हार्लनने विचारलं.

"पुरुष. हात चांगला आहे त्याचा. पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही त्याला."

ड्वेन हसला. गॉर्डीने पेन्सिलीला टोक केलं. हार्लनचे कान तापले होते. "खोटारडा आहे का?"

"एकदा बोललाय खोटं," बेव्ह म्हणाली. "पुढचं मला नाही माहीत. खेळल्यावर कळेल."

हार्लनने तो कागद वाचला. सहा ओळी होत्या. त्याने अकरा वर्षांत लिहिलेल्या एकाही माणसाविषयी पुढे काय होणार हे जाणून घ्यायची इतकी निकड त्याला कधी लागली नव्हती. हा माणूसही बेव्हचाच निघाला होता, आणि हेवा अजून जागच्या जागी होता. त्याने पुठ्ठ्याचा आडोसा घडी घालून खुर्चीखाली सरकवला.

"सिग्मंडची पाचवी खेप," तो म्हणाला, आणि नकाशाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फासा टाकला.