लोटूभाऊंनी बेल्ट बदलला

पारोळ्याकडचं गाव सोडून लोटू पाटील सुरतेला आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं. लिंबायतच्या कारखान्यात आधी त्यांनी सांचे चालवले, मग ते सांचे दुरुस्त करणारे मास्टर झाले. कापड विणणारी ती यंत्रं दिवसरात्र धडधडायची, आणि त्या धडधडीत लोटूभाऊंचे कान हळूहळू गेले. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. कुणी बोललं की मान हलवायची, चार जण हसले की आपणही हसायचं, असं त्यांनी निभावून नेलं.

कारखाना विकला गेला तेव्हा त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. बायको भागीरथीबाई पहाटे उठून स्वयंपाक करायच्या आणि दोघं मिळून इच्छापोरच्या प्लांटमधल्या कंत्राटी कामगारांना डबे पोचवायचे.

यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर व्हॅनचा टायमिंग बेल्ट बदलायला आला. पुढचं झाकण काढून पाहिलं, तर रबराला चिरा पडलेल्या. चालत्या गाडीत हा पट्टा तुटला तर सगळं इंजिनच बसायचं. नवा बेल्ट आणून ठेवला होता, पण मेकॅनिक 'उद्या करू' म्हणता म्हणता गावी निघून गेला. दिवाळीत सुरत अशीच रिकामी होते. लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, गॅरेजची शटरं वर जात नाहीत. प्लांट मात्र चालूच असतात, आणि तिथल्या माणसांना भूक लागतेच.

"मीच बदलतो," लोटूभाऊ म्हणाले.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरासमोर व्हॅन उभी केली, चाकांना विटा लावल्या, बॅटरीची तार काढली. शेजारच्या चंचलबेन ओट्यावरून म्हणाल्या, "रहेवा दो ने, लोटूभाई! गॅरेज खुलशे पछी करावजो." लोटूभाऊंनी हसून मान हलवली. गॅरेज उघडेपर्यंत थांबा, हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

भागीरथीबाई पाटावर बसून पाने आणि बोल्ट सांभाळत होत्या. निघालेला प्रत्येक बोल्ट त्या वेगळ्या वाटीत ठेवत. लोटूभाऊंनी वरच्या आणि खालच्या पुलीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर सैल केला, जुना पट्टा उतरवला आणि नवा चढवला. हात सराईत होते. गल्लीतले सांचे बंद होते, त्यामुळे भागीरथीबाईंना कबुतरांचं घुमणंही ऐकू येत होतं.

मग त्यांनी खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानेच फिरवायला घेतलं. चालू करण्याआधी हे करावंच लागतं, म्हणजे पट्टा बरोबर बसला की नाही ते कळतं. एक फेरा झाला. दुसऱ्यात पाना जड झाला. डिझेल इंजिन आहे, जड जाणारच, असं समजून त्यांनी पान्यावर आणखी जोर दिला.

"थांबा!" भागीरथीबाई ओरडल्या.

ते थांबले नाहीत. भागीरथीबाईंनी उठून नवऱ्याचं मनगट धरलं.

"काय व्हयनं?" लोटूभाऊ चिडून वळले.

"आतमधून टक् झालं," त्या त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "लोखंडावर लोखंड वाजलं. दोनदा."

लोटूभाऊंनी वाकून खुणा पाहिल्या. वरची खूण सरकली होती. पट्टा चढवताना दोन दाते चुकले होते. आणखी जोर लावला असता तर व्हॉल्व वाकले असते. पाना खाली ठेवून ते तिथेच जमिनीवर बसले.

"माले आते काहीच ऐकू येत नई, भागी," ते म्हणाले.

"माहीत शे माले."

"तुला कसं माहीत?"

"लोक दुःखाचं बोलतात आन् तुम्ही हसतात." त्या त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होत्या. "मागे शेजारच्या मंदाचा सासरा गेल्याचं सांगत होते, तवाही हसले तुम्ही."

लोटूभाऊंना तो प्रसंग आठवला आणि ते वरमले. "मग बोलली का नाही?"

"तुम्हाला लपवायचं होतं ना."

भागीरथीबाईंनी चहा केला. चहा घेऊन लोटूभाऊंनी पट्टा पुन्हा उतरवला, खुणा नीट जुळवल्या, टेन्शनर आवळला. या वेळी पाना फिरवताना दर खेपेला ते बायकोकडे बघत, आणि तिने मान हलवली की पुढे जात. दोन फेरे बिनआवाजाचे झाले. दोन्ही खुणा जागच्या जागी आल्या.

झाकण लावून, बॅटरी जोडून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. ते खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"आवाज कसा शे?"

भागीरथीबाईंनी कान दिला. घाई केली नाही. "एकसारखा शे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डबे वेळेवर पोचले. दिवाळी सरल्यावर भागीरथीबाई त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथे कानाचं मशीन मिळालं. पहिले काही दिवस लोटूभाऊंना त्याची कटकट वाटली. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, म्हणायचे. आता घालतात. समोरच्याचं कळलं नाही तर सरळ म्हणतात, "परत सांगा भाऊ, ऐकू नाही आलं."