‘चिबड’चा जुना आवाज ऐकायला अकोला-अमरावती

वऱ्हाडात जायचं ठरलं ते एका पोस्टमुळे. ‘चिबड’ हा माझा आवडता बँड अमरावतीत कार्यक्रम करणार होता आणि पोस्टच्या शेवटी लिहिलं होतं, ‘नव्या गायकासह’. ते वाचून मी पुण्याहून अकोल्याचं तिकीट काढलं. उलटं वाटेल, पण मला अकोल्याकडे राहणाऱ्या जुन्या गायकाला भेटायचं होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चिबड म्हणजे पाणी न निचरणारी जमीन, आणि हे लोक प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतात: लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल, गिटारींची गुंतागुंत. त्यावर सागर नावाचा मुलगा गायचा. गायचा म्हणजे पोटातून गुरगुरायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही अर्ध्या मिनिटात बंद केलं होतं. पुढे बाबा गेले. लोक भेटायला येऊन गोड बोलून जात होते, आणि त्या दिवसांत मला फक्त तो आवाज ऐकवत होता. प्रत्यक्ष मात्र कधी ऐकला नव्हता.

सागरला मेसेज केला तर उत्तर आलं, “या ताई. मीबी जाऊन राहिलो अमरावतीले ऐकाले. आधी आमच्या घरी पातूरले या.”

पुण्याहून रात्रीची गाडी पकडलीत तर सकाळी अकोला येतं. हिवाळ्यात जात असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री आधी थोडीच घाला, डोळ्यांत पाणी येतं. सागर शेतातली शेवंती फुलबाजारात उतरवून मोटरसायकलवर मला घ्यायला आला. एवढा खोल आवाज काढणारा माणूस बोलतो मात्र इतका हळू, की गाडीवर मागे बसून मला दोनदा ‘काय?’ विचारावं लागलं.

पातूर तासाभराच्या अंतरावर आहे. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तूर वाळत आलेली. गावाजवळ दगडात कोरलेली लेणी आहेत, साधी आणि जवळजवळ रिकामी. आत उभं राहून मी म्हटलं, “इथे एकदा काढ ना आवाज.” तो हसला आणि म्हणाला, “आता नाई ताई. तथी अमरावतीत ऐकसान ना नवा पोरगा. चांगला गाते.”

घरी त्याच्या आईने पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भाकरी वाढली. मी विचारलं, “मावशी, तुम्हाला आवडायचं का ह्याचं गाणं?”

“मले काई नाई समजे त्यातलं,” त्या म्हणाल्या. “शेजारची विचारे, तुमचा पोरगा असा काहून ओरडते? पण गाऊन आला की दोन भाकरी जास्त खाये. आता खात नाई.”

सागर खाली मान घालून जेवत राहिला. नंतर अंगणात त्याने सगळं सांगितलं. बँड उभा केला तो गौरवने; तो गिटार वाजवतो आणि अमरावतीत क्लास घेतो. जिथे जावं तिथे आयोजक एकच म्हणत: वाजवता छान, गाणारा बदला. गौरव सांगू शकत नव्हता. “मंग मीच म्हटलं, मी हटतो. माह्या आवाजापाई बँड अडून राहिला असन त कायले अडवू?”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अमरावतीला गेलो. रस्ता आता मोठा झालाय, मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. अमरावतीत दह्यात भिजवलेला गिला वडा खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. ऑटोवाल्याशी आधीच ठरवून घ्या.

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं, बहुतेक गौरवच्या क्लासची पोरं-पोरी. नवा गायक खरंच गोड गायला. दोन छोट्या गाण्यांना सगळे मोबाइल उंच धरून सोबत गात होते. सागर टाळ्या वाजवत होता आणि मला उगाच त्याचा राग येत होता.

मग त्यांचं सर्वांत मोठं गाणं सुरू झालं, बारा-तेरा मिनिटांचं. ज्या जागी सागरचा आवाज यायचा तिथे आता कीबोर्ड होता. पोरं गप्पा मारू लागली, काही उठून बाहेर गेली. गौरवला ते दिसत असणार. त्याने वाजवता वाजवता आमच्याकडे पाहिलं आणि माईकवर म्हणाला, “सागर, ये.”

सागर बसूनच राहिला. मी म्हटलं, “जा ना. मी त्यासाठीच आलेय.”

तो गेला. माईक धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. आधी आला तो नुसता खरखरता श्वास. पुन्हा प्रयत्न केला तर खोकला आला. वर्षभर त्याने तो आवाज काढलाच नव्हता. बँड तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्याची वाट पाहत राहिला; तिसऱ्यांदा तो तुकडा आला तेव्हा सागर माईक हलकेच जागेवर ठेवून खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजारी माणसाला धीर द्यावा तशा. त्यापेक्षा कोणी हसलं असतं तर परवडलं असतं.

नंतर बाहेर चहा घेताना गौरव सागरच्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “पाह्यलं ना तू? तुहा आवाज नव्हता, तरी उठून गेले लोकं. त्याईले ते गाणंच नको होतं. आपण उगाच तुले काढलं.”

“तू कुठी काढलं? मीच गेलतो,” सागर म्हणाला.

“मी थांबवलं असतं त थांबला असता.”

मग गौरवने सांगितलं की त्या दोन छोट्या गाण्यांमुळे नागपूरचं बोलावणं आलंय, आणि तसलीच आणखी बसवायला सांगितलीत. सांगताना त्याचा चेहरा बोलावणं आलेल्या माणसाचा नव्हता.

परतीची गाडी बडनेऱ्याहून होती. सागर सोडायला आला. आईने दिलेली शेवंतीची पिशवी त्याने माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, “पुन्हा सराव करशील?” तो म्हणाला, “कोनासाठी?” तेवढ्यात गाडी लागली आणि मला उत्तर देता आलं नाही.

पुण्यात आल्यावर फुलं बाबांच्या फोटोपुढे ठेवली. लोक विचारतात, कर्कश आवाजामुळे असे बँड मागे राहतात का? राहतात. माझ्यासारखीनेही आधी बंदच केलं होतं. पण तो आवाज गेल्यावर लोक जवळ आले ते वेगळ्याच गाण्यांसाठी, आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्याकडे काहीच उरलं नाही.

स्टेशनवर राहिलेलं उत्तर मी शेवटी लिहून पाठवलं: माझ्यासाठी कर.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. “गाण्याले ऐकनारा एक मानूस पुरते ताई. बँडले नाई पुरत.”