दाजींचा पाच पॉइंट एक

आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, चष्मेवाले आहेत. चौकात त्यांचं दुकान आहे. समोर आलेल्या माणसाचा ते आधी नंबर बघतात, मग चेहरा. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी नमस्काराला पुरता वाकायच्या आत ते म्हणाले होते, "उजवा जास्त आहे तुमचा."

असा माणूस होम थिएटर घ्यायला गेला आणि विक्रेता म्हणाला, "पाच पॉइंट एक." दाजी विरघळलेच. ही तर त्यांचीच भाषा. विक्रेत्याने समजावलं, की पाच म्हणजे पाच स्पीकर. पुढे डावा-उजवा, मधला सेंटर, तो संवाद बोलणार. मागचे दोन सराउंड; वारा, पावलं, पाठीमागून येणारी मोटार त्यांच्याकडे. आणि पॉइंट एक म्हणजे सबवूफर. तो फक्त खालच्या पट्टीत घुमतो, म्हणून त्याला पुरता आकडा देत नाहीत. दाजींना वाईट वाटलं. सगळ्यांत अवजड तोच, आणि मान पॉइंट एकचा! ताई म्हणाली, घरोघरी असाच एक असतो.

ताईचं मागणं साधं होतं. इतकी वर्षं दुकान रात्रीपर्यंत उघडं, त्यामुळे सगळे सिनेमे तिने एकटीने पाहिले. आता दाजी लवकर घरी येऊ लागले होते. तेव्हा दोघांनी सोफ्यावर शेजारी बसावं आणि एक सिनेमा शेवटपर्यंत बघावा, बस.

पण विक्रेत्याने जाता जाता सांगितलं होतं, की पाचही आवाज बरोब्बर जमतात अशी जागा खोलीत एकच असते. झालं. सोफ्याची रवानगी आतल्या खोलीत झाली आणि हॉलच्या मधोमध एक खुर्ची आली. स्वयंपाकघरातून येणाऱ्याने तिला वळसा घालायचा.

पहिला बळी मी. दाजींनी मला खुर्चीत बसवलं, स्पीकर बोटभर वळवला आणि विचारलं, "आता बरं, की आधीचं?"

मी म्हटलं, आधीचं. त्यांनी पुन्हा वळवला. मी म्हटलं, सारखंच.

"सारखं नसतं. नीट ऐका."

थोड्या वेळाने आधीचं म्हणजे कुठलं हेच मला आठवेना. चष्मा घेतानाही माझं असंच होतं. मग दाजींनी दुकानातल्या सवयीने माझा डावा कान तळहाताने झाकला आणि उजव्याचा आवाज लावला. मग उजवा झाकून डाव्याचा. एका कानाने दिशा कळत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, पण दाजींना सांगणार कोण? शेवटी दोन्ही कान मोकळे झाले तेव्हा नायक पडद्यावर उभा होता आणि बोलत होता स्वयंपाकघरातून.

दाजी म्हणाले, दोष माझ्या कानांत आहे, आणि त्यांनी ताईला बसवलं. तिचा कान झाकायला गेले तसा तिने हात बाजूला केला.

"अहो, मी इथे बसले. तुम्ही कुठे बसणार?"

"मी उभा आहे ना मागे."

"दुकानात असेच उभे असता तुम्ही. मी गिऱ्हाईक आहे का?"

दाजींनी सबवूफरवरची धूळ पुसली. तो कालच आणलेला होता. मग मला म्हणाले, "जरा हात लावता का सोफ्याला?"

सोफा दारात अडकला, माझं बोट चेमटलं, पण आला. मधोमध मात्र मावेना, म्हणून भिंतीला तिरका लावला. आता ताई सेंटरसमोर येते आणि दाजींच्या कानाशी मागचा डावा स्पीकर. संवाद सगळे तिला, वारा आणि पावलं सगळी त्यांना. परवा मी गेलो तेव्हा सिनेमा रंगात आला होता.

"काय म्हणाला गं तो?" दाजींनी विचारलं.

"तिला विसरलो म्हणतोय. खोटारडा आहे. मागे कोण आलं हो?"

दाजींनी डोळे मिटून कान दिला. "मोटार. डावीकडून. तिचा बाप असावा."

ताई सरसावून बसली.